एक वर्षाची राष्ट्रसेवा सक्तीची असावी का? ग्रामसभेतील ठरावाविषयी मते हवी आहेत

प्रश्न : औसा तालुक्यातील एक शेतकरी

नमस्कार. माझे गाव किल्लारीपासून फार दूर नाही. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आमच्या गावातील काही तरुणांनी एक ठराव मांडला. अठरा वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक मुलामुलीला एक वर्षाची राष्ट्रसेवा, मग ती लष्करी असो वा नागरी, सक्तीची करावी, अशी शिफारस गावाने शासनाकडे पाठवावी, असा तो ठराव आहे. बहुतेकांनी हात वर केले. माझा हात बाजूने वर गेला नाही आणि विरोधातही गेला नाही. चर्चा पुरेशी झालेली नाही, असे म्हणून सरपंचांनी ठराव २६ जानेवारीच्या सभेपर्यंत राखून ठेवला आहे. तोपर्यंत मला माझे मत नक्की करायचे आहे, म्हणून येथे विचारतो.

माझा हात का अडखळला, ते सांगितले पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. आमच्याकडची जुनी घरे दगडमातीची आणि वर माळवद, म्हणजे लाकडांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. तो थर झोपलेल्या माणसांच्या अंगावर आला आणि लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. उजाडताच आम्ही वीस-पंचवीस मुले शेजारच्या गावी धावलो. आम्हाला कोणी बोलावले नव्हते, पण आम्हाला काही येतही नव्हते. कोणता दगड आधी काढावा, कोणता काढला तर उरलेली भिंत खाली बसेल, सापडलेल्या माणसाला कसे उचलावे, यातले काहीही आम्हाला कोणी शिकवलेले नव्हते. एका बाईंना आम्ही हातापायांना धरून बाहेर ओढले. पाठीच्या कण्याला इजा झालेली असू शकते, अशा माणसाला तसे ओढायचे नसते, हे मला पुष्कळ वर्षांनी एका प्रथमोपचार वर्गात कळले, आणि त्या दिवसापासून त्या बाई माझ्या डोळ्यांसमोरून हललेल्या नाहीत. पुढे लष्कराचे जवान आले. त्यांचे हात कसे पद्धतशीर चालत होते, ते पाहिल्यावर प्रत्येक तरुणाला हे शिकवलेच पाहिजे, असे मला वाटले आणि आजही वाटते.

दुसरी गोष्ट माझ्या घरातली आहे. हा ठराव मांडणाऱ्यांत माझा मुलगा आहे. तीन वर्षे तो पहाटे साडेचारला उठून औसा रस्त्यावर धावत होता. अग्निवीर भरतीत धावणे निघाले, पण गुणवत्ता यादीत नाव आले नाही, आणि आता वयाची अट ओलांडली. तो मला म्हणतो, "बाबा, सेवा सक्तीची असती तर मला कोणी परत पाठवले नसते." याला काय उत्तर द्यावे, ते मला सुचले नाही. त्याच सभेत माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांचा मुलगा दरवर्षी आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातो. त्या घराने मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि मुलाचे हात त्या हिशेबात धरलेले असतात. त्या मुलाचे एक वर्ष शासनाने घेतले तर ती उचल कोण फेडणार, हा प्रश्न मनात आला आणि माझा हात मांडीवरच राहिला.

जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : निवृत्त सुभेदार, बीड जिल्हा

आपल्या मुलाची खंत मी समजू शकतो, कारण अशी मुले रोज माझ्याकडे मार्गदर्शनासाठी येतात. तरीही लष्करी सेवेपुरते माझे मत स्पष्ट आहे : ती सक्तीची नसावी.

दुसऱ्या महायुद्धात पंचवीस लाखांच्या वर पोहोचलेली भारतीय सेना स्वेच्छेने भरती झालेल्या माणसांची होती. स्वतंत्र भारतानेही १९६२, १९६५ किंवा १९७१ मध्ये सक्तीची भरती केली नाही. यामागे केवळ उदारपणा नाही. देशात दरवर्षी दोन कोटींहून अधिक मुलेमुली अठरा वर्षांची होतात आणि आपली तिन्ही दले मिळून सुमारे चौदा लाखांची आहेत. त्या मुलांपैकी दहावा हिस्सा जरी एका वर्षासाठी आला, तरी तिन्ही दलांतील सगळ्या माणसांहून अधिक शिकाऊ मुले आमच्यासमोर उभी राहतील. त्यांना शिकवायला माणसे आणि राहायला बराकी आणायच्या कोठून? शिवाय रिक्रूटला पलटणीत उपयोगाचा करायलाच कित्येक महिने लागतात, आणि तो तयार झाला की त्याचे वर्ष संपलेले असेल. २०२२ मध्ये चार वर्षांच्या लष्करी भरतीची अग्निपथ योजना आली तेव्हा चार वर्षांचा काळ अपुरा आहे, असे आमच्यातील अनेक जुन्या लोकांचे म्हणणे होते. त्या चार वर्षांनंतरही जास्तीत जास्त पंचवीस टक्के अग्निवीरांनाच पुढे कायम केले जाणार आहे. मग एका वर्षात काय साधेल?

सक्तीचा एक अनुभव आपल्या देशाने घेतलेला आहे आणि तो सगळे विसरले आहेत. चीनशी झालेल्या युद्धानंतर १९६३ मध्ये राष्ट्रीय छात्रसेना, म्हणजे एनसीसी, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सक्तीची करण्यात आली. माझे थोरले बंधू तेव्हा कॉलेजात होते. ते सांगत की शेकडो मुले एका मैदानावर उभी केली जात, शिकवणारे दोघे-तिघे असत, बंदूक हातात येण्याची पाळी महिन्यातून एकदा येई आणि हजेरी झाली की निम्मी रांग पांगे. १९६८ मध्ये ती सक्ती उठवून एनसीसी पुन्हा ऐच्छिक करण्यात आली. आज एनसीसीचे 'सी' प्रमाणपत्र मिळवणारी मुले मी पाहतो. ती आपणहून आलेली असतात आणि त्यांच्या उभे राहण्यातच फरक दिसतो. खंदकात माझ्या शेजारी असलेला माणूस तेथे स्वतःच्या मर्जीने आला आहे, एवढा भरवसा मला सेवेत कायम होता, आणि त्याचे मोल काय आहे ते मी शब्दांत सांगू शकणार नाही.

मात्र दगड कसे उपसावेत, जखमीला कसे उचलावे, पुरात दोर कसा टाकावा, हे शिकायला फौजेत यावे लागत नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या 'आपदा मित्र' योजनेत स्वयंसेवकांना बारा दिवसांचे प्रशिक्षण देतात. विस्तारानंतर ती ३५० जिल्ह्यांतील एक लाख स्वयंसेवकांसाठी होती, म्हणजे जिल्ह्याला तीनशेच्या आसपास. एका जिल्ह्यात किती गावे असतात याचा विचार केला तर हा आकडा किती अपुरा आहे ते कळेल. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये परांडा आणि भूम भागांत गावे पाण्याने वेढली गेली. एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, या भागाला जवळची बटालियन पुण्याजवळ आहे, आणि तेथून पथक पोहोचेपर्यंतचे तास गावातल्या माणसांनाच काढायचे असतात.

उत्तर २ : वैद्यकीय अधिकारी, धाराशिव जिल्हा

सुभेदारसाहेबांचा आदर राखून मी थोडी वेगळी बाजू मांडते, कारण सक्तीची सेवा मी स्वतः केलेली आहे.

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस होणाऱ्या विद्यार्थ्याला एक वर्ष शासकीय सेवा करण्याचे बंधपत्र द्यावे लागते. माझ्या वेळी सेवा केली नाही तर दहा लाख रुपये भरावे लागत. मी लातूरला शिकले आणि मला ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर पाठवले तेथे जाताना मी रडले होते. निवासस्थानाच्या छताला गळती होती, रात्री वीज जाई आणि पहिल्याच आठवड्यात मध्यरात्री एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता, तेव्हा माझ्यासोबत फक्त एक परिचारिका होती. तिने मला धीर दिला. मी तिला नव्हे. त्या वर्षात मी सर्पदंशाचे रुग्ण सांभाळले, कीटकनाशक प्यायलेल्या शेतकऱ्यांच्या पोटात नळी घातली आणि ज्यांच्यासाठी आपण शिकलो ती माणसे कशी जगतात, ते पहिल्यांदा जवळून पाहिले. मला निवड दिली असती तर मी गेले नसते. आज मी याच जिल्ह्यात आहे, ती केवळ त्या सक्तीमुळे. म्हणून 'सक्तीने केलेली सेवा ही सेवाच नव्हे' असे कोणी म्हणाले की मला ते मान्य होत नाही. इच्छा आधीपासून असावीच लागते असे नाही, ती कामाच्या ठिकाणीही जन्माला येते.

पण माझ्या वर्गातील ज्यांच्या घरी पैसा होता त्यांच्यापैकी काहींनी दहा लाख भरले आणि ते पुढच्या अभ्यासाला लागले. माझ्या वडिलांकडे पाच एकर कोरडवाहू जमीन आहे. त्यांनी ते पैसे कोठून आणले असते? म्हणजे कागदावर सक्ती सर्वांना होती, पण प्रत्यक्षात ती ज्यांना सुटका विकत घेता आली नाही त्यांनाच लागू झाली. आपल्या गावाने सक्तीची शिफारस करायचीच असेल तर पैसे भरून सुटण्याची वाट त्यात असता कामा नये, ही पहिली अट घालावी.

परदेशातील दोन उदाहरणे या संदर्भात पाहण्यासारखी आहेत. ऑस्ट्रियामध्ये तरुणांना सहा महिने लष्करी सेवा किंवा नऊ महिने नागरी सेवा करावी लागते. जानेवारी २०१३ मध्ये तेथे सक्ती ठेवावी की काढावी यावर सार्वमत झाले तेव्हा सुमारे साठ टक्के मतदारांनी ती ठेवण्याच्या बाजूने मत दिले. त्यात सैन्याच्या प्रेमापेक्षा रुग्णवाहिका आणि वृद्धाश्रम यांची काळजी अधिक होती, कारण ही कामे नागरी सेवेतील मुलांच्या आधारावर चालतात. जर्मनीने मात्र २०११ मध्ये सक्तीची सेवा स्थगित केली, नागरी सेवाही तिच्याबरोबर संपली आणि तिच्या जागी त्याच वर्षी सर्व वयाच्या लोकांसाठी ऐच्छिक सेवा सुरू केली. तेथील रुग्णालये त्यामुळे बंद पडली नाहीत. दोन्ही देशांत एक गोष्ट समान आहे : मुलाने कोठे जायचे, तेथे काय करायचे, त्याला कोण शिकवणार आणि खायला-राहायला काय मिळणार, हे आधी ठरलेले असते. मी ज्या केंद्रावर गेले तेथे हे काहीच ठरलेले नव्हते, आणि त्याचा त्रास मला झाला त्यापेक्षा रुग्णांना अधिक झाला.

उत्तर ३ : राष्ट्रीय सेवा योजनेचे माजी कार्यक्रमाधिकारी, अंबाजोगाई

आपण ज्या प्रश्नाशी झगडत आहात त्यावर एका मराठी माणसाच्या अध्यक्षतेखाली साठ-पासष्ट वर्षांपूर्वी विचार झालेला आहे. १९५९ मध्ये सी. डी. देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने असे सुचवले होते की माध्यमिक शिक्षण संपवून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवा सक्तीची करावी. खर्च आणि व्यवस्थेच्या अडचणींमुळे ते मान्य झाले नाही. त्यानंतर शिक्षणतज्ज्ञ के. जी. सय्यदेन यांनी इतर देशांतील सेवायोजनांचा अभ्यास केला, आणि अखेर गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील चाळीस हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना ऐच्छिक स्वरूपात सुरू झाली.

या योजनेत विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास काम करावे आणि दत्तक गावात सात दिवसांच्या निवासी शिबिरात राहावे, अशी अपेक्षा असते. मी अनेक वर्षे हे काम पाहिले. जी मुले मनापासून येत त्यांनी बांधबंदिस्ती केली, रक्तदान शिबिरे भरवली, गावातल्या म्हाताऱ्यांची निवृत्तिवेतनाची कागदपत्रे पूर्ण करून दिली. जी मुले केवळ वाढीव गुणांसाठी येत त्यांचे तास नोंदवहीत भरत आणि गावात दिसत नसत. त्या नोंदवह्यांवर मी सह्या केलेल्या आहेत, आणि मला त्याची लाज वाटते. ऐच्छिक योजनेत थोडासा लाभ जोडल्यावर जर एवढे खोटे तास निघाले, तर सक्ती केल्यावर किती निघतील, हे आपल्या ग्रामसभेने विचारात घ्यावे.

उलट बाजूचे चित्रही मी पाहिले आहे. २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनच्या जलसंधारण स्पर्धेसाठी राज्यातून जे तीन तालुके निवडले त्यांत आमचा अंबाजोगाई तालुका होता. त्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागत होते. अशा वेळी माणसे पहाटे कुदळी-फावडी घेऊन शिवारात उतरत होती. ज्यांच्याकडे जमीन नाही अशा बायाही उतरल्या, आणि खरे सांगायचे तर सर्वांत उशिरा थांबणाऱ्या त्याच होत्या. कोणाची हजेरी घेतली जात नव्हती. मात्र लोक आधी प्रशिक्षण घेऊन आलेले होते, कोठे सलग समतल चर खणायचा आणि कोठे दगडी बांध घालायचा याची आखणी झालेली होती, आणि कामाचे मोजमाप होणार हे सर्वांना ठाऊक होते. माझा निष्कर्ष एवढाच की लोकांच्या इच्छेची उणीव मला फारशी दिसली नाही. आखलेल्या कामाची उणीव मात्र मी आयुष्यभर पाहत आलो.

उत्तर ४ : एक वकील, छत्रपती संभाजीनगर

येथे आतापर्यंत जे लिहिले गेले त्यात एक शब्द कोणी उच्चारलेला नाही, आणि मराठवाड्यात बसून हा विषय बोलताना तो उच्चारला पाहिजे. तो शब्द आहे वेठ.

माझ्या पणजोबांना गावकीची कामे करावी लागत. निजामी अंमलदार गावात आला की त्याचे सामान पुढच्या गावापर्यंत डोक्यावर वाहून न्यायचे, घोड्याला वैरण आणायची, निरोप घेऊन रात्री-बेरात्री धावायचे, आणि हे सगळे आमच्याच वस्तीने करायचे. तीही 'सेवा' होती आणि तीही सक्तीची होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला तेव्हा माझ्या आजोबांच्या लेखी मुक्तीचा पहिला अर्थ हाच होता की आता चावडीवरून हाक आली तर 'येत नाही' असे म्हणता येईल. म्हणून सक्तीच्या सेवेचा ठराव वाचताना आमच्या घरात जे वाटते, ते इतरांच्या घरात वाटणार नाही, हे मी समजू शकतो. पण ग्रामसभेने ते ऐकून घ्यावे.

संविधानाने हा प्रश्न फार काळजीपूर्वक हाताळला आहे. अनुच्छेद २३ च्या पहिल्या खंडाने बिगार आणि सक्तीचे श्रम यांना मनाई केली आहे. दुसऱ्या खंडाने सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा लादण्याची मुभा राज्याला दिली आहे, परंतु त्यात केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग या कारणांवरून भेदभाव करता येणार नाही, असेही तेथेच म्हटले आहे. म्हणजे राज्याला सक्ती करता येते. ज्याला कोणी वाली नाही त्यालाच तेवढे पकडता येत नाही. डॉक्टरताईंनी दहा लाखांची जी गोष्ट सांगितली, ती या कसोटीवर मला अत्यंत अस्वस्थ करते. 'वर्ग' हा शब्द त्या अनुच्छेदात उगाच आलेला नाही.

याला जोडूनच मोबदल्याचा मुद्दा येतो. १९८२ मध्ये आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर, गरिबीच्या रेट्याने केलेले काम हेही सक्तीचे श्रम होय. पुढच्याच वर्षी राजस्थानातील दुष्काळी कामांच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू करण्यात आले. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या आणि सुकडीवर दिवस काढलेल्या माणसांच्या प्रदेशात या निर्णयाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागू नये. आता हिशेब करा. दरवर्षी अठरा वर्षांचे होणारे २ कोटी ४० लाख तरुण धरले आणि प्रत्येकाला महिन्याला केवळ दहा हजार रुपये दिले, तरी वर्षाला २ लाख ८८ हजार कोटी रुपये लागतील. २०२४-२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात शिक्षण मंत्रालयाची तरतूद सुमारे १ लाख २० हजार कोटींची होती. पैसा इतका द्यायचा नसेल तर राज्याकडे दोनच मार्ग उरतात : फुकट राबवणे, किंवा काहींनाच बोलावणे. ते 'काही' कोण असतील, हे सांगायला माझ्या पणजोबांची गरज नाही.

मुदतीबद्दलही सावध असावे. इरिट्रिया या देशात कायद्याने सेवा अठरा महिन्यांची आहे, परंतु १९९८ च्या युद्धानंतर ती बेमुदत झाली आणि तरुण वर्षानुवर्षे तीत अडकून राहिले. आपल्याकडे तसे होईल असा माझा दावा नाही. पण एकदा घेतलेला अधिकार आपणहून आखडता घेण्याची सवय कोणत्याही सरकारला नसते.

ऊसतोडीला जाणाऱ्या त्या मुलाचा विचार करून आपला हात वर गेला नाही, याबद्दल मी आपले मनापासून आभार मानतो. त्या मुलाच्या कुटुंबात नवरा-बायकोचा मिळून एक 'कोयता' मोजला जातो, एकाने खाडा केला तर दंड दोघांवर पडतो. तो आधीच एका सक्तीत आहे. त्याच्यावर दुसरी लादण्याआधी पहिलीतून त्याला सोडवणे, ही राज्याची सेवा होईल.

प्रश्नकर्ता पुन्हा

सर्वांनी इतके मनापासून लिहिले, याबद्दल ऋणी आहे. दोन रात्री हे सगळे पुन्हा पुन्हा वाचले आणि मुलालाही वाचायला दिले.

आता मला माझ्या अडखळण्याचे कारण कळले आहे. आमच्या भागात सेवा टाळणारी मुले थोडी आहेत आणि सेवा मागणारी पुष्कळ आहेत. पहाटे रस्त्याने धावणाऱ्या शंभर मुलांपैकी पाच-सात जणांना जागा मिळते आणि बाकीची घरी परततात. अशा ठिकाणी सक्तीची मागणी करण्याआधी या परतलेल्या मुलांसाठी शासनाने जागा निर्माण करावी, ही मागणी करणे मला योग्य वाटते. डॉक्टरताईंचे म्हणणे मात्र मी सोडून देऊ शकत नाही. गेल्याशिवाय इच्छा होत नाही, हे माझ्याही बाबतीत खरे आहे. म्हणून शाळेत असतानाच, अकरावी-बारावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रथमोपचार आणि आपत्तीतील बचावकार्य यांचे प्रशिक्षण सक्तीचे असावे, आणि त्यातून श्रीमंत-गरीब कोणीही सुटू नये, एवढी सक्ती मी मागणार आहे. ती घेतली तर कोणाची उचल बुडत नाही.

मूळ ठरावाऐवजी मी दुरुस्ती मांडीन. तालुकावार नागरी सेवेच्या ठरावीक जागा असाव्यात, त्या एक वर्षाच्या व ऐच्छिक असाव्यात, मोबदला किमान वेतनाहून कमी नसावा, काम आधी आखलेले असावे आणि प्रत्येक गावात किमान दहा प्रशिक्षित आपदा मित्र असावेत. मुलाला हे पूर्ण पटलेले नाही. ऐच्छिक म्हटले की शासन जागा काढायचे विसरून जाते, असे तो म्हणतो आणि सभेत तसे बोलणार आहे. त्याने बोलावे, असे मीही त्याला सांगितले आहे.

दुरुस्तीचा मसुदा या आठवड्यात लिहून येथे देतो. अनुच्छेद २३ चा उल्लेख त्यात कोठे आणि कोणत्या शब्दांत असावा, ते वकीलसाहेबांनी पाहावे, आणि सुभेदारसाहेबांना विनंती की बारा दिवसांच्या प्रशिक्षणासाठी गावाने जिल्हाधिकारी कार्यालयाकडे अर्ज कसा करावा, ते कळवावे. ऊसतोडीची मंडळी दिवाळीनंतर निघतील. ती जाण्याआधी त्या घरांतील मुलांची नावे यादीत घ्यायची आहेत.